पंक्तीत सगळे, वाढपी कोण?

वाढणारा आपला असला की पंक्तीत शेवटी बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत भांडण झालं ते याच गोष्टीवरून. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. रोजच्या वाटणीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांची उपेक्षा व्हायची, आणि ती कुरकुर होती इब्री लोकांविरुद्ध. प्रेषितांनी 'आपण सगळे ख्रिस्तात एक, असलं बोलू नये' म्हणून विषय दडपला नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेली नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. शेवटचा निकलाव तर जन्मानं यहुदीही नव्हता, अंत्युखियाचा यहुदीमतानुसारी, म्हणजे यहुदी धर्म स्वीकारलेला होता. ज्यांच्या घरच्या विधवा रिकाम्या हातानं परतत होत्या, त्यांच्याच हाती वाटणीचं काम गेलं.

आता रविवारी पुण्यातल्या किंवा नाशिकच्या एखाद्या मंडळीत मागच्या बाकावर बसून पाहा. अहिल्यानगर-जालन्याकडची मराठी कुटुंबं, दोन-तीन पिढ्या इथेच असलेले तमिळ आणि तेलुगू, मल्याळी नर्स, शिकायला आलेली मिझो आणि नागा मुलं, नंदुरबारहून आलेले मावची नि पावरा आदिवासी, पालघरकडचे वारली. मग त्याच मंडळीच्या किंवा संस्थेच्या ट्रस्टींची यादी, कमिटीची यादी आणि चेकवर सही करणाऱ्यांची यादी हातात घ्या. बाकांवर दिसलेली माणसं एकेका यादीत गळत जातात आणि शेवटच्या यादीत बहुधा एकच समाज उरतो, कधी कधी दोन-तीन घराणी. कुठे ती जुन्या मिशन कंपाउंडमधली शिकलेली कुटुंबं असतात, कुठे इंग्रजी सफाईनं बोलणारे परप्रांतीय, कुठे संख्येनं मोठी असलेली एकच जात.

हे कुणी बसून ठरवतं असं फार क्वचित घडतं. म्हणून प्रवचनानंही ते बदलत नाही. गाळण जिथे जिथे लागते त्या जागा ठरलेल्या आहेत: नोकरीची जाहिरात, मानधनाचं रजिस्टर, बैठकीची भाषा, ट्रस्ट डीडमधलं एखादं कलम, बँकेचा सह्यांचा फॉर्म. त्या एकेक जागी हात घालावा लागतो. हे लिहिताना नजरेसमोर महाराष्ट्रातल्या मंडळ्या, मिशन संस्था, वसतिगृहं, दवाखाने आहेत. इथे प्रश्न कातडीच्या रंगापुरता नाही. जात, जमात, भाषा आणि प्रांत या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्यातली जात ही चर्चमध्ये मोठ्यानं उच्चारायची नाही असा आपला जुना संकेत आहे. तो संकेत पाळून हे काम होणार नाही.

सुरुवात मोजणीनं करावी, पण कागद जपून. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. त्यामुळे दलित पार्श्वभूमीच्या कित्येक कुटुंबांत दाखल्यावरची ओळख एक आणि मंडळीच्या रजिस्टरमधली दुसरी असते. संस्थेनं उत्साहाच्या भरात 'कर्मचाऱ्यांची जातनिहाय यादी' करून फायलीत लावली, तर तो कागद उद्या कुणाच्या तरी मुलाच्या शिक्षणावर उठू शकतो. जातीचा दाखला मागू नये. नावासमोर जात लिहू नये. बैठकीत हात वर करायला तर मुळीच सांगू नये. बिननावी चिठ्ठी द्यावी, बंद पेटीत टाकावी. चिठ्ठीवर चारच रकाने: घरात बोलतो ती भाषा, मूळ जिल्हा, आपण स्वतः सांगाल तो समाज (रिकामा ठेवला तरी चालेल) आणि कामाचा स्तर. स्तर असे पाडावेत: मानधनावरचे; पगारी पण कुणावर अधिकार नसलेले; इतरांचं काम ठरवणारे; पैसा मंजूर करणारे. चिठ्ठ्या संस्थेबाहेरच्या दोघांनी उघडाव्यात, बेरीज करून चिठ्ठ्या नष्ट कराव्यात. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत त्याचा आकडा जाहीर करू नये, नाहीतर बिननावी चिठ्ठीला नाव चिकटतं. चाळीस कर्मचाऱ्यांच्या संस्थेत हे सगळं एका दुपारचं काम आहे.

बेरीज झाली की शेवटच्या दोन स्तरांकडे पाहावं. एकूण टक्केवारी फसवी असते. 'आमच्याकडे निम्मे कर्मचारी आदिवासी आहेत' हे वाक्य खरं असूनही ते सगळे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, गाडीच्या स्टिअरिंगवर आणि पाड्यावरच्या सुवार्ताकार्यात असू शकतात.

गाळण सर्वांत आधी लागते ती जाहिरातीत. नेहमीची जाहिरात कशी असते पाहा: 'प्रकल्प समन्वयक पाहिजे. पात्रता: एमएसडब्ल्यू किंवा समकक्ष पदव्युत्तर पदवी. इंग्रजी व मराठीवर प्रभुत्व. संगणकाचे ज्ञान. स्वतःची दुचाकी आवश्यक. पाळकांचे शिफारसपत्र जोडावे. बायोडेटा ईमेलने पाठवावा.' वाचताना काही खटकत नाही. पण काम आहे नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात, आणि या सगळ्या ओळींत तिथल्या पावरी भाषेचा उल्लेखच नाही. म्हणजे ज्या गोष्टीवाचून काम अडणार, ती मागितलेली नाही, आणि जी पहिलं वर्ष नसली तरी चालेल ती सक्तीची केली आहे. स्वतःची दुचाकी ही अट घराच्या ऐपतीची परीक्षा घेते. पाळकांचं, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचं शिफारसपत्र ऐकायला निर्दोष, पण ते मिळतं ओळखीवर, आणि पाळकांची ओळख असते आपल्या नात्यागोत्यात. नव्या विश्वासी कुटुंबातल्या मुलीला, किंवा ज्या पाड्यावर पाळक महिन्यातून एकदाच फिरकतो तिथल्या मुलाला, ते पत्र मिळत नाही.

तीच जाहिरात अशी लिहिता येते: 'धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतल्या २२ गावांचं काम सांभाळायला समन्वयक हवा किंवा हवी. पावरी किंवा भिलोरी बोलता यायलाच हवी. मराठी वाचता-लिहिता यावी. इंग्रजी आणि संगणक येत नसेल तर पहिल्या वर्षात शिकवू, खर्च संस्थेचा. पदवी, किंवा बारावीनंतर पाच वर्षं गावात केलेलं काम. दुचाकी संस्था देईल, लायसन्स हवं. पगार महिना २४,००० ते २८,००० रुपये, शिवाय पीएफ. अर्ज कागदावर लिहून द्या किंवा तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. ओळखीच्या कुणाही दोघांची नावं द्या, त्यांच्याशी आम्ही बोलू. मुलाखतीचं एसटी भाडं त्याच दिवशी रोख मिळेल.' आकडे आपापल्या संस्थेप्रमाणे बदलतील, पण पगाराचा आकडा लिहाच. 'योग्यतेनुसार' असं लिहिलं की घासाघीस करता येणाऱ्याला जास्त मिळतं आणि मान खाली घालून बसणाऱ्याला कमी, आणि तीन वर्षांनी एकाच कामाचे दोन पगार दिसतात, समाजही दोन.

ही जाहिरात चार रविवार, काम ज्या भागात आहे तिथल्या मंडळ्यांमध्ये वाचून दाखवावी, आणि त्याच भाषेत रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर सोडावी. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेली जाहिरात ऑफिसच्या नातेवाइकांपर्यंतच जाते.

मुलाखतीचं पॅनेल पाच जणांचं असलं तर त्यात किमान दोघं ऑफिसवर पकड असलेल्या समाजाबाहेरचे हवेत, आणि उमेदवाराचा नातलग असणाऱ्यानं आधीच उठून जायचं असतं. आपल्या मंडळ्यांत सोयरिकी इतक्या दाट आहेत की हा नियम कागदावर नसेल तर कुणी उठत नाही. सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमानं. गुण प्रत्येकानं आपापल्या कागदावर आधी लिहायचे, चर्चा नंतर. आधी चर्चा झाली की वडीलधाऱ्यांचं मत ऐकून बाकीचे आपला आकडा हळूच सुधारून घेतात. आणि एक काम प्रत्यक्ष करून घ्यावं: पाड्यावरची काल्पनिक तक्रार सांगायची आणि 'त्या बाईशी तुम्ही काय बोलाल ते तिच्या भाषेत बोलून दाखवा' म्हणायचं. पॅनेलवर ती भाषा कळणारं कुणीतरी हवं हे ओघानं आलंच. खुर्चीत अवघडून बसलेला, इंग्रजी प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा उमेदवार इथे अचानक दहा मिनिटं बोलतो.

आता मानधन. या विषयावर बोलायला संस्था कचरतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय इथेच दडलेला आहे. सुवार्तिक, बायबल वुमन (घरोघर बायबल शिकवणाऱ्या बाया), पाड्यावरचे शिक्षक यांना 'मानधन' आणि ऑफिसातल्यांना 'पगार' ही विभागणी मिशनच्या काळापासून चालत आली आहे. मानधनवाल्याला पीएफ नाही, रजा नाही, वाढ कुणाच्या तरी मर्जीवर. कायद्यानं वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, आणि मानधनवाले मोजायचे नाहीत म्हणून अनेक संस्था कागदावर वीसच्या खाली राहतात. पूर्ण वेळ, ठरलेल्या हद्दीत, कुणाच्या तरी हुकमानं राबणाऱ्या माणसाला मानधन हा शब्द लावून नोकरदाराचे हक्क नाकारणं कायद्याच्या कसोटीवर टिकणं अवघड आहे, आणि याकोबाच्या पत्रात कापणीवाल्यांच्या अडकवलेल्या मजुरीबद्दल जे लिहिलं आहे ते तर आपण सगळे वाचतो. दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवा. मानधनाच्या रजिस्टरमध्ये कुठला समाज आहे आणि पगाराच्या रजिस्टरमध्ये कुठला, ते पानावर उघड दिसतं. एका वर्षात सगळ्यांना पगारावर आणणं झेपत नसेल तर तीन वर्षांचा तक्ता करावा, पण क्रम सेवेच्या वर्षांवर ठेवावा आणि तो भिंतीवर लावावा. पुढे पदोन्नतीची वेळ आली की 'अनुभव' म्हणून पगारी सेवाच मोजली जाते. मानधनावर घालवलेली पंधरा वर्षं शून्य धरली गेली, तर तो माणूस समन्वयक कधीच होणार नाही.

पाळकपदाची शिडी आणखी लांब आहे. बारावी, मग पदवीची तीन वर्षं, मग बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीची चार-पाच वर्षं, मग उमेदवारी. घरचा कर्ता मुलगा इतकी वर्षं बाहेर राहतो तेव्हा घरी पेरणीला माणूस कमी पडतो. शिष्यवृत्तीत फी आणि मेस धरलेली असते, घर धरलेलं नसतं, म्हणून दुसऱ्या वर्षी मुलं सोडून जातात आणि सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजच्या नोंदीत 'वैयक्तिक कारण' लागतं. शिष्यवृत्ती मंजूर करताना महिन्याला थोडी रक्कम घराकडे जाईल अशी सोय करावी, आणि एकाच समाजातल्या निदान दोघांना एकाच वर्षी पाठवावं. एकट्या मुलाला वर्गातले शब्द कळत नाहीत तेव्हा विचारायला कुणी नसतं.

इथे व्ही. एस. अझारिया यांचं आजच्या तेलंगणातल्या दोर्नकलचं काम अभ्यासण्यासारखं आहे. १९१२ साली कलकत्त्यात त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली, अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. स्वतः तमिळ, पण तेलुगू मुलखात गेले, तेलुगू शिकले. त्यांच्या मंडळ्या बहुतेक माला आणि मादिगा या दलित समाजांतल्या होत्या. इंग्रजी येणारे पदवीधर मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर त्या गावांना पाळक मिळायला आणखी एक पिढी गेली असती. त्यांनी गावातल्या शिक्षकांना तेलुगूतच शिकवून तयार केलं, त्यांच्या बायकांनाही सोबत शिकवलं, आणि दीक्षा दिली. मराठीत, आणि मराठीच्या जोडीनं पावरी-मावचीत, असं शिक्षण आज का देता येऊ नये? 'दर्जा घसरेल' हे उत्तर ठरलेलं असतं. दर्जा कशाचा मोजायचा ते आधी ठरवा. इंग्रजी टीकाग्रंथ वाचता येणं ही एक पात्रता आहे, आणि मयताच्या घरी त्या घरच्या बोलीत प्रार्थना करता येणं ही दुसरी. दुसऱ्या पात्रतेची परीक्षा कुणी घेत नाही.

कमिटीत बाहेर राहिलेल्या समाजांतले किती जण हवेत? नऊ जणांत एक घेतला तर तो एकटा पडतो. प्रत्येक वेळी 'तुमच्या लोकांचं काय म्हणणं?' हा प्रश्न त्यालाच, आणि बजेटवर मत कुणी विचारत नाही. दोघं असले तर निदान एकमेकांकडे पाहून बोलतात. तीन झाले की आपसात मतभेदही करू शकतात, आणि तेव्हा कुठे लोक त्यांना समाजाचा नमुना समजणं सोडतात. कृत्ये १३ मधली अंत्युखियाच्या पुढाऱ्यांची यादी याच कारणासाठी वाचावी: कुप्राचा बर्णबा, ज्याला निग्र म्हणजे काळा म्हणत तो शिमोन, आजच्या लिबियातल्या कुरेनेचा लूक्य, हेरोदाच्या घरात वाढलेला मनाएन आणि तार्साचा शौल. पाच माणसं, आणि घर-गाव जवळजवळ प्रत्येकाचं वेगळं. पहिली ठरवून काढलेली मिशनफेरी याच पाचांच्या बैठकीतून निघाली.

राखीव जागा ठेवाव्यात का, यावर बराच वाद होतो. ठेवाव्यात, पण निवड कोण करतं तिकडे लक्ष हवं. सर्वसाधारण सभेत बहुसंख्य गटाचं पॅनेल असतं, राखीव जागेवरही तेच पॅनेल आपल्याला सोयीचा, मान डोलावणारा माणूस निवडून आणतं, आणि पाच वर्षं 'प्रतिनिधित्व दिलं' असं म्हणता येतं. त्या त्या भाषेच्या किंवा भागाच्या मंडळ्यांनी आपापल्या सभेत तीन नावं ठरवावीत, आणि सर्वसाधारण सभेनं त्या तिघांतूनच एक निवडावा, ही पद्धत जास्त टिकाऊ आहे. मुदत तीन वर्षं, लागोपाठ दोनदाच, आणि दरवर्षी एक तृतीयांश सदस्य निवृत्त. सगळे एकदम बदलले तर नव्यांना शिकवायला जुनं कुणी उरत नाही आणि सूत्रं ऑफिस सेक्रेटरीकडे जातात.

ट्रस्ट असेल तर डीड काढून वाचा. जुन्या डीडमध्ये 'विश्वस्त तहहयात राहतील व रिक्त जागा उर्वरित विश्वस्त भरतील' असं कलम सापडतं. या एका ओळीमुळे तीच घराणी साठ-सत्तर वर्षं टिकतात. कलम बदलायला धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, वकील लागतो, वेळ लागतो. तोवर उरलेल्या विश्वस्तांनी स्वतःहून ठराव करून पुढच्या रिकाम्या जागेसाठी बाहेरून नावं मागवायला कायद्याची आडकाठी नाही. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हा अर्ज राहून गेला की नव्या विश्वस्ताचं नाव सरकारी नोंदीला लागत नाही, बँक त्याची सही घेत नाही, आणि तो नावापुरता उरतो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला पदाधिकारी बदलल्याचं गृह मंत्रालयालाही एफसी-६ई अर्जानं कळवावं लागतं.

बैठकीचं जरा जवळून सांगतो. समजा, नऊ जणांची कमिटी, सकाळी दहाची वेळ, ठिकाण पुणे. धडगावहून येणारा सदस्य आदल्या संध्याकाळी निघतो, रात्रभर एसटीत बसतो, तोंड धुऊन थेट खुर्चीवर येतो. विषयपत्रिका त्याच्या हातात तिथेच पडते, इंग्रजीत, बारा विषयांची. पहिला अर्धा तास मराठीत जातो, मग खर्चाचा विषय निघाला की बोलणं नकळत इंग्रजीवर घसरतं, कारण ऑडिट रिपोर्ट इंग्रजीत आहे. शेजारचा माणूस कानात दोन वाक्यांत सार सांगतो. 'सगळ्यांना मान्य?' म्हणून अध्यक्ष विचारतात. तो मान हलवतो. इतिवृत्तात 'एकमताने' असं लागतं.

इथे दुरुस्त करायच्या गोष्टी बारीक आहेत आणि स्वस्त आहेत. विषयपत्रिका सात दिवस आधी, मराठीत. आकड्यांचा एक पानाचा तक्ता मराठीत, आणि बैठकीच्या दोन दिवस आधी खजिनदारानं प्रत्येक नव्या सदस्याला फोनवरून तो समजावून सांगायचा. भाषांतर करायचं तर मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि भाषांतर करणारा सदस्य नसावा. दोन्ही कामं एकाच माणसाला जमत नाहीत, आणि वाटाघाटीत तो आपल्या सोयीचं सार सांगतो. थांबून थांबून भाषांतर केलं की वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, म्हणून बारा विषयांचे सहा करायचे. जिथे हे केलं जात नाही तिथे तिसऱ्या विषयानंतर भाषांतर आपोआप बंद पडतं. फेरी सर्वांत नव्या सदस्यापासून सुरू करावी, अध्यक्षांनी शेवटी बोलावं. ठराव मताला टाकण्याआधी मराठीत पूर्ण वाचून दाखवावा. नेमणुकीचं मतदान चिठ्ठीनं. वर्षातून निदान एक बैठक नंदुरबारला किंवा पालघरला, आणि पेरणीच्या दिवसांत बैठकच नको. भाड्याबरोबर बुडालेल्या मजुरीचा खाडाही द्यावा. पगारी माणूस बैठकीला येतो तेव्हा त्याचा पगार चालू असतो, शेतमजुराचा नसतो.

पैशाच्या किल्लीकडे वळू. समन्वयकपद दिलं, पण ५०० रुपयांच्या झेरॉक्सलाही ऑफिसची मंजुरी लागत असेल तर ते पद शोभेचं. प्रत्येक पदाला खर्चाची मर्यादा लेखी ठरवून द्यावी, उदाहरणार्थ एका वेळी ५,००० आणि महिन्याला २५,००० रुपये, बिलं दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. आणि चेकवर सही करणाऱ्या तिघांपैकी एक तरी बाहेर राहिलेल्या समाजांतला हवा. खजिनदारपदावर वर्षानुवर्षं एकाच गटाचा हक्क का असतो, तर 'हिशेब येणारा माणूस त्यांच्यात नाही' असं सांगितलं जातं. मग सहखजिनदार नेमून दोन वर्षं शिकवा. टॅली, बँक ताळमेळ, टीडीएस, ऑडिटची तयारी हे शिकता येतं. या शिकवणीच्या काळात एका कामावर दोन पगार पडतात. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च त्या निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर २० टक्क्यांच्या वर करता येत नाही, म्हणून हा दुसरा पगार स्थानिक देणग्यांतून धरावा लागतो. आधी तरतूद केली नाही तर सहा महिन्यांत शिकवणी थांबते.

सूत्रं सोपवताना जुन्या माणसानं काय करावं, याचं एक उदाहरण मुंबईतच आहे. थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट (येशूसंघी कॅथलिक धर्मगुरू) १९३७ साली मुंबईचे आर्चबिशप झाले. तेव्हा या जागेवर आळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश माणूस बसवायचा असा करार होता. जागा भारतीयाकडे जावी असं रॉबर्ट्स यांचं मत होतं. १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले, तेव्हा रॉबर्ट्स मुंबई सोडून निघाले. चार वर्षं पद त्यांच्या नावावर आणि कारभार ग्रेशियस यांच्या हाती. १९५० मध्ये त्यांनी रीतसर राजीनामा दिला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल. जाणाऱ्या माणसानं इमारतच सोडली, हे त्यातलं शिकण्यासारखं. आपल्याकडे निवृत्त संचालक 'सल्लागार' म्हणून शेजारच्याच खोलीत बसतात, शिपाई आधी तिकडे चहा नेतो, देणगीदार त्यांनाच फोन करतात, आणि नवा आदिवासी संचालक सही करण्यापुरता उरतो. निदान एक वर्ष जुन्या माणसानं आवारात येऊ नये, आणि देणगीदारांना त्यानं स्वतः, एकेकाला फोन करून, नव्या माणसाशी जोडून द्यावं. हे दुसरं काम सहसा राहून जातं.

एवढं करूनही माणसं टिकत नाहीत तेव्हा बहुधा तक्रारीची वाट नसते. जातीवरून टोमणा, 'तुमच्यात असंच असतं' हे वाक्य, ईशान्येकडच्या मुलीला चेहऱ्यावरून मारलेली हाक, स्टाफ रिट्रीटमध्ये कुणाच्या ताटातल्या मांसावरून नाक मुरडणं. हे सांगायचं कुणाला? पाळकांना सांगितलं तर 'क्षमा करा' असं उत्तर मिळतं, आणि क्षमेचा उपदेश नेहमी दुखावलेल्यालाच होतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती आणि तिच्यात एक बाहेरचा सदस्य सक्तीचा केला आहे. तोच साचा जात-भाषेच्या तक्रारींसाठी वापरता येतो: तिघांची समिती, एक संस्थेबाहेरचा, तोंडी तक्रारही चालेल, ३० दिवसांत लेखी निर्णय. समितीचे फोन नंबर ऑफिसच्या भिंतीवर आणि पाड्यावरच्या केंद्रातही लावावेत.

फोटोंबद्दल एवढंच, की वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर ज्यांचे चेहरे असतात त्यांना विचारून छापावं, आणि अहवालातला त्यांच्या कामाचा भाग त्यांनी लिहावा किंवा सांगावा, नावानिशी.

शेवटी, गेल्या पाच वर्षांत सोडून गेलेल्यांची यादी काढा. राजीनाम्यात सगळ्यांचं 'घरगुती कारण' असेल. संस्थेशी संबंध नसलेल्या, त्यांची भाषा बोलणाऱ्या माणसाकडून प्रत्येकाला फोन करवा. तीन प्रश्न पुरेत: कुठल्या दिवशी सोडायचं ठरवलं, त्या दिवशी काय झालं होतं, आणि ते त्या वेळी कुणाला सांगितलं होतं का. पहिल्या फोनला बहुतेक जण 'सगळं ठीक होतं' म्हणतील. महिन्याभरानं पुन्हा फोन करायचा.